काचशाळेला रकाना नाही

माझे धाकटे दीर चौतीस वर्षं फुंकत होते. चूल नाही, बासरी नाही, काच. सरकारी संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत त्यांची काचशाळा होती. वरच्या मजल्यांवरचे शास्त्रज्ञ पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी वेडंवाकडं काढून आणायचे. इथून वाफ जाईल, इथून थंड पाणी, आणि दोघांची गाठ पडता कामा नये. भाऊजी तो कागद उलटा धरायचे, सुलटा धरायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि चार दिवसांनी तसं भांडं करून द्यायचे.

जी गोष्ट जगात पहिल्यांदाच करून बघायची, तिचं भांडं बाजारात तयार कसं मिळेल? ते आधी कुणीतरी घडवावं लागतं. एवढी साधी गोष्ट, पण ती पटवण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं आणि शेवटी पटली नाही ती नाहीच. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे. न समजणाऱ्या मुलांचा मला कधी राग आला नाही. समजूनही मख्ख बसणाऱ्यांचा येतो.

आता, म्हातारी सरकारच्या नावाने बोटं मोडायला बसली आहे असं वाटायला नको, म्हणून हे आधी सांगते. भाऊजी घडले तेच सरकारच्या धोरणामुळे. पूर्वी कुणा शहाण्या माणसाने ठरवलं होतं की आपल्या प्रयोगशाळांनी साध्या वाकड्या नळीसाठी परदेशाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. प्रत्येक मोठ्या संस्थेत एक काचशाळा काढली आणि काचकामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. भाऊजी बारावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेले. सासऱ्यांनी "याचं काही होत नाही" म्हणून हात टेकले होते. ते त्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या तुकडीत गेले आणि माणसात आले.

त्याचं पुढे काय झालं, तेही ऐका. भाऊजींच्या हाताखाली शिकलेल्या तिघांनी बाहेर पडून आपले कारखाने काढले. दुधातली चरबी मोजायच्या नळ्या एक करतो, रक्तपेढ्यांची काच दुसरा, शाळा-कॉलेजांची उपकरणं तिसरा. दोनशेच्या वर घरं त्यावर चालतात. पूर्वी हा सगळा माल जहाजातून यायचा, आता आपल्याकडचा बाहेर जातो. विज्ञानाच्या धोरणाने उद्योग वाढतो तो असा. कुणी फीत कापली नाही, कुणी भाषण केलं नाही. जिन्याजवळच्या खोलीत एक माणूस गाल फुगवून बसला होता, एवढंच.

गाल फुगवून हे अगदी शब्दशः. ज्योतीत धरलेली काच दोन्ही हातांनी सारखी फिरवत ठेवावी लागते, थांबलात की ती मधासारखी ओघळते. हात अडकलेले, म्हणून फुंकर रबरी नळीतून मारायची आणि नळीचं टोक दातांत धरायचं. डोळ्यांवर जांभळट चष्मा, नाहीतर ज्योतीच्या पिवळ्या झगझगाटात काच दिसत नाही. उजव्या हाताचा अंगठा भाजून भाजून चपटा झालेला. आणि काच फिरवताना त्या लयीवर मान हळूहळू वर-खाली हलायची. इतकी सवय, की घरी जेवतानाही हलायची.

या मानेने फार घोटाळे केले. तोंडात नळी असताना लोक विचारायचे, "मंगळवारपर्यंत होईल ना?" मान हलतच असायची. लोक खूश होऊन निघून जायचे. काम भलतं अंगावर आलं की भाऊजी म्हणायचे, "मी कुठे हो म्हणालो?" माझी जाऊ म्हणायची, "ताई, लग्नाच्या वेळीसुद्धा यांची मानच हलली होती. मी तोंडून होकार ऐकलेला नाही अजून." तिचा दुसरा टोमणा ठरलेला असायचा: यांचा श्वास सगळा संस्थेला, घराच्या वाट्याला उसासे. आम्ही एकाच इमारतीत वर-खाली राहतो, त्यामुळे हे टोमणे मला जिन्यातूनही ऐकू येतात.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे भट्टीचं दार. काचेचं काम ज्योतीवर संपलं तरी खरं संपत नाही. ती वस्तू भट्टीत ठेवून पुन्हा तापवायची आणि मग अगदी सावकाश, कधी दिवसभर, कधी दिवस-रात्र, थंड होऊ द्यायची. घाई केली तर काच दिसायला साबूत राहते, पण तिच्या अंगात ताण उरतो. तसा डोळ्यांना तो दिसत नाही. मग एखाद्या दिवशी गरम वाफ लागली की फट्‌कन फुटते. म्हणून काचशाळेत नियम होता: भट्टीच्या लोखंडी दारावर उघडा तळवा ठेवायचा आणि शंभरपर्यंत आकडे म्हणायचे. हात काढावासा वाटला तर दार उघडायचं नाही. संचालक आले तरी नाही. पहिल्या संचालकांना त्यांनी तसं ताटकळत ठेवलंही होतं, आणि तो भला माणूस शंभरपर्यंत मोजत उभा राहिला होता.

भाऊजींच्या निवृत्तीला नऊ महिने उरले तेव्हा नवं धोरण आलं. गुळगुळीत कागदाचं देखणं पुस्तक. भाऊजींनी ते माझ्याकडे आणून दिलं, कारण त्यांच्या मते घरातली वाचणारी मी. त्यात 'नवोपक्रम' हा शब्द पानापानावर वाटाण्यासारखा सांडला होता. धोरणात वाईट काही नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. तरुणांनी नव्या कंपन्या काढाव्यात, संस्थांनी त्यांना जागा आणि उपकरणं द्यावीत, शोध कपाटात न राहता बाजारात जावेत. मी जागोजागी समासात 'बरोबर' लिहिलं आहे. ते शोध कुणाच्या हातून घडतात, याबद्दल मात्र अक्षर नव्हतं. शेवटच्या पानांत एक तक्ता होता. प्रत्येक विभागाने आपली उपयुक्तता त्यात भरून द्यायची. गुण कमी पडले, तर तिथला माणूस निवृत्त झाला की विभाग बंद.

भाऊजींना स्वतःसाठी काही नको होतं. त्यांची मागणी एकच: माझ्यामागे टेबल चालू राहू द्या आणि भांडारवालीला त्यावर बसवा.

भांडारवाली म्हणजे संस्थेच्या भांडारातली बाई, चाळिशीची. फुटलेल्या भांड्याच्या बदली नवं द्यायचं काम तिचं. फुटकी भांडी हाताळून हाताळून तिला कुतूहल वाटू लागलं की ही सगळी त्याच कोपऱ्यात का फुटतात. विचारायला काचशाळेत गेली आणि जेवणाच्या सुट्टीत रोज जाऊ लागली. सहा वर्षं. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ ज्योतीसमोर. भाऊजी सहसा कुणाची स्तुती करत नाहीत. तिच्याबद्दल म्हणाले होते, "वहिनी, तिचा श्वास माझ्यापेक्षा सरळ आहे." घरात बायकोला इतकं चांगलं ते कधी बोलले नसतील.

पण त्या जागेसाठी पात्रता काय, तर काचकामाच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र. अभ्यासक्रम पंधरा वर्षांपूर्वी बंद झालेला, 'कालबाह्य' म्हणून. मी खात्यात फोन लावला. चौथ्या दिवशी एक गृहस्थ भेटले. मी म्हटलं, अहो, जो अभ्यासक्रम अस्तित्वातच नाही त्याचं प्रमाणपत्र कुणी आणायचं? ते शांतपणे म्हणाले, "बाई, बंद आहे हे आम्हाला माहीत आहे. आम्हीच बंद केला."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

मग आम्ही तक्ता भरायला बसलो, माझ्या जेवणाच्या टेबलावर. पहिला रकाना: विभागाच्या नावावर पेटंट किती. चौतीस वर्षांत त्यांच्या काचेवर उभी राहिलेली पेटंटं बरीच, पण नाव शास्त्रज्ञांचं. भाऊजींचं नाव प्रबंधांच्या शेवटी, 'आभार' या मथळ्याखाली, टंकलेखकाच्या आधी नाहीतर नंतर. म्हणजे शून्य. दुसरा रकाना: विभागातून निघालेल्या कंपन्या. तीन कारखाने होते, पण ते दहा वर्षांच्या आत निघालेले हवे होते. शून्य. तिसरा: आकर्षित केलेली गुंतवणूक. भाऊजी म्हणाले, "वहिनी, शून्य जरा नीट गोल काढा. निदान काम चांगलं दिसू दे."

मी सात पानांचं जोडपत्र लिहिलं. तीन कारखान्यांची पत्रं मिळवली. कुठल्या शोधात कुठलं भांडं होतं याची यादी केली. पंधरा दिवसांत सातही पानं परत आली, वर शिक्का: जोडपत्रे स्वीकारली जाणार नाहीत. आता उरली आढावा समितीची भेट. समिती प्रत्यक्ष येणार, सगळे विभाग बघणार आणि अहवाल देणार. तीच शेवटची संधी.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरची इंजिनिअर मुलगी खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावर धोरणाप्रमाणे नवोपक्रम केंद्र झालं होतं, रंगीत खुर्च्या आणि काचेच्या भिंतींचं. तिथल्या पाच-सहा नव्या कंपन्यांपैकी एक तिची. डोकं चांगलं होतं तिचं. लहान औषध कारखान्यांत वापरून झालेलं रसायन टाकून देतात, ते उकळून, वाफ थंड करून पुन्हा वापरता येईल असं छोटं यंत्र तिने बनवलं होतं. कारखान्याचा खर्च वाचेल आणि नाल्यातलं विषही. पण यंत्राचा जीव एका काचेत होता: नळीच्या आत नळी, आतली पिळासारखी गुंडाळलेली. ती परदेशातून मागवलेली, आणि खोकं उघडलं तर आत चुरा. आणि समिती त्याच आठवड्यात, शुक्रवारी येणार.

दोन वर्षं त्या इमारतीत येऊन-जाऊन तिला काचशाळा आहे हे ठाऊक नव्हतं. यात तिचा दोष नाही. पाहुण्यांसाठी काढलेल्या नकाशावर त्या खोलीच्या जागी जिना दाखवला होता. भांडारवालीनेच तिला वाट दाखवली. पोरीने तुकडे टेबलावर मांडले. भाऊजींनी ते बघून म्हटलं, "हे ज्याने केलं त्याने घाईत केलंय. चार दिवस दे. तीन माझे, एक भट्टीचा."

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी तिथे होते. समितीसमोर काय बोलायचं याची टिपणं काढायला संस्थेची जुनी नोंदवही बघत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. भाऊजी शेवटचा जोड करत होते. आतली गुंडाळी बाहेरच्या नळीला दोन्ही टोकांना जुळवायची, आणि जुळवताना आतली वितळता कामा नये. भांडारवाली दुसरं टोक धरून त्यांच्या लयीत फिरवत होती. चार हात आणि एकच फिरकी. बोलणं नाही. ज्योतीचा हूऽऽ एवढाच आवाज.

तेवढ्यात केंद्राचे समन्वयक आत आले. त्यांना आम्ही फीतवाले म्हणायचो, गळ्यात कायम ओळखपत्राची रुंद निळी फीत. माणूस वाईट नव्हता. सतत कुठेतरी पोचायचं असल्यासारखा, एवढंच. दारातूनच म्हणाले की समिती शुक्रवारऐवजी उद्याच येतेय, सकाळी दहाला. रात्रभरात होईल ना थंड? सकाळी लवकर आमचा माणूस येऊन काढून नेईल, चालेल ना?

भाऊजींच्या तोंडात नळी होती. हात फिरत होते. मान हलत होती.

"छान," म्हणून फीतवाले गेले.

मी ते पाहिलं. ती मान पस्तीस वर्षं ओळखणारी मी तिथेच बसले होते. पण माझं डोकं नोंदवहीत, एका जुन्या तारखेवर. माझ्या मनात आलंही असेल की त्यांना थांबवावं. मी पान उलटलं. भांडारवालीने डोळे वर केले होते, पण टोक सोडलं असतं तर तीन दिवसांचं काम गेलं असतं. जोड पुरा व्हायला पुढे वीस मिनिटं लागली, आणि भाऊजींना तर कुणी आलं होतं हेच धड कळलं नव्हतं. वस्तू भट्टीत गेल्यावर भांडारवालीने त्यांना सांगितलं. ते वर गेले, तर फीतवाले निघून गेलेले. भाऊजींनी चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली: शुक्रवार सकाळपूर्वी भट्टी उघडू नये. ती चिठ्ठी फीतवाल्यांनी वाचली ती नंतर, सगळं झाल्यावर. त्यांच्या टेबलावर कागद वाचण्याची पद्धत नव्हती.

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही दोघं संस्थेत पोचलो. भट्टीचं दार सताड उघडं. दारापाशी जाड हातमोजे पडलेले. म्हणजे काढणाऱ्यालाही ती गरम आहे हे कळलं होतं. भाऊजी तडक वळले. तीन जिने चढून गेले. मी माझ्या गुडघ्यांसकट मागून.

यंत्राच्या मधोमध ती गुंडाळी बसवलेली होती. खरं सांगते, मी जन्मभर काच हाताळली, इतकं देखणं काम पाहिलं नव्हतं. कुठे बुडबुडा नाही, कुठे गाठ नाही. फोटो काढून झाले होते. इंजिनिअर मुलगी आनंदाने पुढे आली आणि भाऊजींचा चेहरा बघून थांबली. त्यांनी ती तिच्या परवानगीने काढून घेतली आणि खाली आणली. काचशाळेत ताण बघायची एक पेटी होती, दिवा आणि दोन काळसर पट्ट्या. पट्ट्यांच्या मधे चांगली काच धरली तर काळोखच दिसतो. ही धरली, आणि दोन्ही जोडांपाशी निळे, पिवळे, लाल पट्टे पेटले. मोराच्या पिसासारखे सुंदर. एवढं वाईट चित्र मी आयुष्यात पाहिलं नाही.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी दार लोटून घेतलं आणि जे बोलले ते इथे लिहिते, कारण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

"भाऊजी, गप्प बसा," मी म्हटलं. "बसवू दे त्यांना. फुटू दे समितीसमोर. म्हणजे कळेल तरी, काचशाळा कशाला लागते ते. सात पानं लिहून जे झालं नाही ते एका मिनिटात होईल."

त्यांनी खिशातला जांभळा चष्मा काढला, पुसला. "वहिनी, आत उकळतं रसायन असणार. आणि ती पोरगी समोर उभी असणार."

ते इतकं साधेपणाने म्हणाले, की मला माझीच लाज वाटली. पण त्यांचा रागही आला, आणि तो अजून आहे. असली माणसं बरोबर असतात आणि बरोबर राहूनच हरतात.

त्यांनी पोरीला खाली बोलावून पेटीतले रंग दाखवले, मग गुंडाळी पुन्हा भट्टीत ठेवली, भट्टी सुरू केली आणि दारासमोर स्टूल टाकून बसले. फीतवाले धावत आले. आधी विनवणी, मग आवाज. वस्तू साबूत आहे, सगळे बघतायत, तुम्ही मुद्दाम महत्त्व वाढवताय, काल तुम्हीच तर मान डोलावलीत. भाऊजींनी आदल्या वर्षीचा, ताण उरलेला एक नमुना पेटीत धरून त्यांना बघायला सांगितलं. फीतवाल्यांनी पेटीत डोकावण्याऐवजी घड्याळात बघितलं. इंजिनिअर मुलगी मात्र मधे पडली. तिने रंग बघितले होते, तिला कळलं होतं. ती म्हणाली, "सर, आज यंत्र चालवायचं नाही. माझं यंत्र आहे, मी सांगते." फीतवाल्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तीच फुटली.

दहा वाजता समिती आली. केंद्राचं मुख्य आकर्षण बंद यंत्र. फीतवाल्यांनी समितीला कारण सांगितलं: तांत्रिक साहाय्य विभागाकडून विलंब. म्हणजे काचशाळा. यात खोटं एकही अक्षर नव्हतं, हीच तर त्यातली खुबी.

समितीच्या अध्यक्षा खाली आल्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, पण डोळे जागे. मी टिपणं काढली होती ती न वाचता त्यांना सगळं सांगितलं: अभ्यासक्रम, तीन कारखाने, दुधाच्या नळ्या, मान, भट्टी. ताणाचा तोच नमुना भाऊजींनी पेटीत धरून दाखवला. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. भांडारवालीने त्यांच्यासमोर एक टी-जोड, म्हणजे नळीला मधोमध आडवी नळी, करून दाखवला, पाच मिनिटांत. त्यांनी तो थंड झाल्यावर हातात घेतला आणि परत द्यायला विसरल्या. मला वाटलं, जमलं.

मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला पटलंय. पण मी हे लिहू कुठे? तक्त्यात याला रकाना नाही."

मी म्हटलं, मग रकाना काढा, रेघ ओढायला पट्टी देते.

त्या हसल्या. "रकाने वरून येतात हो." आणि तो टी-जोड टेबलावर ठेवून गेल्या.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गुण अपुरे. शेरा: सेवा देण्यात विलंबाची नोंद. भाऊजींच्या निवृत्तीबरोबर विभाग बंद करण्यात यावा. ती गुंडाळी शुक्रवारी ठरल्या वेळी बाहेर निघाली होती. दोन पट्ट्यांमधे ठार काळी. यंत्र उत्तम चाललं, पुढच्या महिन्यात त्याला पारितोषिक मिळालं. धोरणाच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्या गुंडाळीचाच फोटो आहे. धरणारा हात मनगटापर्यंत दिसतो. चपटा अंगठा मी लगेच ओळखला. नाव शोधायला आख्खा अहवाल चाळला. आता 'आभार' हा मथळाही नसतो.

निवृत्तीच्या दिवशी भाऊजींना घड्याळ मिळालं. काचशाळेच्या सामानाची लिलावासाठी यादी करायचं काम कुणाकडे आलं असेल? भांडाराकडे. म्हणजे तिच्याकडे. ज्या टेबलावर बसायचं होतं त्याचीच तिने नोंद केली: लाकडी टेबल, जळके डाग असलेले, एक. छापील यादीत भट्टीसाठी शब्द नव्हता. वरून सांगितलं गेलं, जवळचा शब्द निवडा. भट्टी गेली 'लोखंडी कपाट, जुने' म्हणून. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही, मीच नाक शिंकरत बसले.

खोलीत आता गोल टेबल आहे. भिंतीवर 'मुक्त चिंतन कक्ष' असं लिहिलं आहे. आत कुणी चिंतन करताना मला दिसलं नाही, पण मी गेले तेव्हा वेळ चुकली असेल.

मागच्या रविवारी सकाळी जाऊबाईंनी जिन्यातून हाक मारली, "ताई, वर या, तुमच्या भाऊजींकडे माहेरपणाला काच आली आहे." वर गेले तर इंजिनिअर मुलगी. पुढ्यात बुटांचं खोकं. आत कापसात ती गुंडाळी, पाच तुकडे. पुसताना कुणाच्या तरी हातून सुटली. एवढंच असतं तर वेगळी गोष्ट. तिच्याकडे अशा बारा यंत्रांची मागणी आली होती, बारा कारखाने थांबलेले. परदेशी कंपनी सात महिने म्हणत होती. आपल्या तिन्ही कारखान्यांत ती जाऊन आली. तिथे सरळ नळ्या यंत्रावर हजारांनी होतात, पण हे दुहेरी काम करणारा हात कुणाकडे नाही. ज्यांच्याकडे होता ते गेले किंवा थकले, नवे कुठे शिकणार होते?

भाऊजींनी तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. एकेक उचलून उजेडात धरला. एका तुकड्यापाशी थांबले. "हे खालचं टोक जरा तिरकं आलं होतं. तेव्हाच मनाला खटकलं होतं माझ्या." जाऊ म्हणाली, "पाच तुकडे झालेत तिचे, आणि यांना तिरकं टोक दिसतंय."

मुलीने विचारलं, "काका, पुन्हा करून द्याल? लागेल तेवढा वेळ घ्या. मी या वेळी दारावर पहारा ठेवते."

भाऊजी तुकडा बोटांत फिरवत होते. फिरवता फिरवता मान हलायला लागली, वर-खाली, वर-खाली. पोरीचा चेहरा उजळला. तिने मोबाइल काढला, कारखान्यांना कळवायला.

या वेळी मी पान उलटत बसले नाही.

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "ते हो म्हणत नाहीयेत. त्यांची मान अशीच हलते. कशावर करतील? ज्योत नाही, ऑक्सिजन नाही, भट्टी कपाट म्हणून विकली. कुणीतरी तिच्यात चपला ठेवत असेल."

भाऊजींची मान थांबली. त्यांनी तुकडा खाली ठेवला, अगदी आवाज न करता. "भांडारवालीच्या हाताला येतं हे काम," ते म्हणाले. "मी शेजारी बसेन. पण भट्टी हवी."

मुलगी माझ्याकडे बघू लागली, मग काय करू, अशी. मी जाऊकडून कागद आणि पेन मागवलं. माझी तीन पत्रं खात्यात पडून आहेत, तिन्हींना 'आपली सूचना नोंदवली आहे' असं छापील उत्तर. निवृत्त बाईचं कोण वाचतो? पण हिच्या कंपनीला पारितोषिक आहे, बारा यंत्रांची मागणी आहे, मुखपृष्ठावर फोटो आहे. तक्त्यातला एकेक रकाना हिचा भरलेला आहे.

"बस," मी तिला म्हटलं. "तुझ्या कंपनीच्या कागदावर, तुझ्या सहीने लिहायचं. विनंती-बिनंती नको. बारा यंत्रं कशामुळे अडली, ते पहिल्या ओळीत. नंतर काय हवं त्याची यादी. घे, एक: भट्टी."

तिने लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "छापील यादीत शब्द नाही ना तिला?"

"नसू दे," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात लिही. आणि कंसात लिही, कपाट नव्हे."